मिरची उठल्यानंतरचा खोकला

आमच्या घराण्यात विमानात बसायच्या आधी एक जिना चढावा लागत असे. पासपोर्ट आला, व्हिसा आला, सुरतेहून चाकांची बॅग आली, गल्लीत चार घरी सांगून झालं, तरी नंदुरबारच्या जुन्या बाजारपेठेतल्या डॉक्टरांचा जिना चढून उतरल्याशिवाय माणूस परदेशी निघाला असं आम्ही कोणी मानत नव्हतो. पायऱ्या उंच, मधेच एक वळण, आणि वरच्या टोकाला दरवाज्यात लाकडी खुर्ची टाकून डॉक्टर स्वतः बसलेले. चढणाऱ्याकडे टक लावून पाहायचे. नवीन माणसाला वाटायचं, चपला बाहेर काढतो की नाही ते बघतायत.

खालचा गाळाही त्यांचाच होता. तिथे बाकं टाकून रोगी बसवले होते आणि स्वतः वर जाऊन बसले होते. दवाखाना खाली का नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "खाले बठनू ते माले काय दिसी? माणूस वर येस तवढामा मन्ही अर्धी तपासणी व्हई जास." ज्याला खरोखर चढवत नसे त्याच्यासाठी ते स्वतः खाली उतरत. पण ते उतरताना दिसले की बाकावरची माणसं बोलायची थांबत. डॉक्टर खाली आले म्हणजे कोणाचं तरी काही खरं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरात आम्हीही अहिराणीच बोलतो, पण लिहिताना घरच्यांची भाषा जरा धुऊन-पुसून देतो आहे. डॉक्टरांची तशीच ठेवतो. ते कलेक्टरशीही अहिराणीत बोलत आणि तेही एकेरीत. कलेक्टर दक्षिणेकडचे होते. त्यांना काही कळलं नाही, हे आमच्या जिल्ह्याचं नशीब.

आता डॉक्टर नाहीत. गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पण त्या बाजूने गेलो की अजून माझा श्वास आपोआप सरळ होतो.

त्यांच्या तपासणीची पद्धत अशी की प्रत्येक वेळी कोणीतरी हबकूनच बाहेर पडायचं. भिंतीवर जगाचा जुना नकाशा होता आणि त्यावर त्यांनी रंगीत खडूंनी खुणा करून ठेवल्या होत्या. निळी खूण म्हणजे पाणी वाईट, काळी म्हणजे डास, लाल म्हणजे कुत्रं चावलं तर धावाधाव. एवढ्या देशांची खडान्‌खडा माहिती असलेला हा माणूस स्वतः सुरतेच्या पलीकडे गेलेला नव्हता. "जाऊन काय करसू?" म्हणायचे. "तठलं पाणी मी पेवाव नही."

आमचे थोरले बंधू, म्हणजे आप्पा, ठिबक सिंचन बघायला शेतकऱ्यांच्या दौऱ्यातून इस्रायलला निघाले होते. आप्पांचं केळीचं क्षेत्र मोठं, तसा आवाजही मोठा. डॉक्टरांचा नियम असा की परदेशी जाणाऱ्याने भरलेली बॅग स्वतः उचलून वर आणायची. आप्पांना हे कमीपणाचं वाटलं. त्यांनी बॅग ड्रायव्हरच्या खांद्यावर दिली आणि स्वतः रुमालाने मान पुसत मागून आले. ड्रायव्हर पन्नाशी उलटलेला, आप्पांकडे वर्षानुवर्षं असलेला माणूस. डॉक्टरांनी त्यालाच खुर्चीवर बसवलं, जीभ बघितली, पाणी कुठलं पितोस, जेवतोस कुठे, विचारलं, आणि आप्पा "अहो, मी, मी जातोय" म्हणेपर्यंत त्याच्या दंडात विषमज्वराची लस टोचून मोकळे झाले.

"सामान जेन्हा खांदावर, प्रवासी तो," डॉक्टर म्हणाले.

आप्पांचा चेहरा लाल झाला. डॉक्टर शांतपणे कापूस टाकत म्हणाले की हा माणूस रोज विसरवाडीच्या फाट्यावर तुझी वाट बघत मिळेल तिथलं पाणी पितो, तू बाटलीचं पितोस. आधी लस कोणाला? लसीचे पैसे अर्थातच आप्पांकडून घेतले. मग आप्पांनाही टोचली. घरी आल्यावर आप्पा आठवडाभर त्या डॉक्टरचं डोकं फिरलंय म्हणून सांगत होते आणि ड्रायव्हर दंड चोळत हसत होता.

मी ही गोष्ट प्रत्येक लग्नात रंगवून सांगायचो. हसू यायचं, कारण ती आप्पांची होती.

मग माझी पाळी आली. खरं म्हणजे आमच्या हिची.

आमची लेक युगांडात. जावई तिथल्या एका मोठ्या केळीच्या मळ्यावर व्यवस्थापक. आपल्याकडची केळी सोडून माणूस तिकडच्या केळीत कशाला जातो, हे मला अजून समजलेलं नाही, पण पगार समजला होता. लेकीला दिवस गेले आणि तिकडच्या डॉक्टरांनी तिला विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेर उचलून तिकडे न्यायचं ठरलं. आमच्या हिने डिंक फोडला, मेथी भिजवली, आणि घरात लाडवांचा असा कारखाना काढला की शेजारीण म्हणाली, "तिथे बाळंतपणं किती आहेत?"

मी सोबत जाणार होतो. माझं काम बॅगा उचलणं, पासपोर्ट सांभाळणं आणि विमानतळावर इंग्रजीत "यस" म्हणणं.

सगळ्यांना काळजी हिची होती. हिला साखरेचा त्रास, गुडघे कुरकुरणारे. आप्पा म्हणाले, "हिला तो जिना चढवणार नाही. तो माणूस तिला नापास करील." म्हणून आम्ही घरी महिनाभर तिची तयारी करून घेतली. मी खुर्चीत बसून तिला गच्चीवर चढ-उतार करायला लावायचो आणि वरून सल्ले द्यायचो. सल्ला देताना खोकला यायचा, तेवढाच काय तो व्यत्यय.

खोकल्याचं इथे सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही. नंदुरबार म्हणजे मिरची. ओली लाल मिरची बाजारात येते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानांत वाळायला पसरतात, त्या पथाऱ्या. दिवाळीपासून पुढे वारा कोणत्याही दिशेचा असो, नाकात मिरचीच. कोर्टात वकील खोकतो, वर्गात मास्तर खोकतो, बोहल्यावर नवरी खोकते आणि भटजी तिच्यासाठी थांबतो. हिवाळ्यात आमच्याकडे जो खोकत नाही तो बाहेरगावचा. आणि मी तर मिरचीच्याच व्यापाऱ्याकडे दप्तरी. माझ्या टेबलाच्या खिडकीतून पथारी दिसते. मी खोकलो नसतो तर शेठने पगार कापला असता.

त्यात मी बारीक झालो होतो. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. लग्नात भेटलेली माणसं म्हणायची, "वा, काय तब्येत राखलीय!" मी लाजायचो. ही म्हणायची, "माझं पथ्य यांना लागू पडलं." रात्री अंग घामाने भिजायचं. खानदेशात घाम येतो म्हणून कोणी डॉक्टरकडे गेलाय का?

तर चैत्र लागला होता, ऊन तापलं होतं, आणि आम्ही दोघं जिन्याखाली उभे राहिलो. हिने लाडवांसकट भरलेली बॅग उचलली, पदर खोचला आणि मधल्या वळणावरही न थांबता वर गेली. मी मागून निघालो. वळणावर भिंतीला एक कॅलेंडर होतं, ते मी बराच वेळ लक्षपूर्वक वाचलं. मग वर गेलो, थोडं खोकलो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हिला खुर्चीवर बसवलं होतं.

"कथा?" त्यांनी विचारलं. कथा म्हणजे कुठे.

"युगांडाला. लेकीच्या बाळंतपणाला."

डॉक्टर उठले, नकाशावर आफ्रिकेत बोट ठेवलं. काळी खूण, निळी खूण आणि एक पिवळी. पिवळी म्हणजे पीतज्वर. त्याची लस नंदुरबारात मिळायची नाही, ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, मुंबईला जावं लागेल. ती निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, नाहीतर तिथे उतरल्यावर अडवतात. मलेरियाच्या गोळ्या जायच्या आधीपासून सुरू करायच्या, तिथे असेपर्यंत घ्यायच्या आणि परत आल्यावरही लगेच सोडायच्या नाहीत.

"मलेरियाची आम्हाला सवय आहे, डॉक्टर," ही म्हणाली. "माझं सगळं लहानपण हिवतापात गेलंय."

"तठला मच्छर तुले वळखत नही."

मग डॉक्टरांनी विचारलं, "अंडं?"

"अगंबाई! आम्ही खात नाही."

"खास का ते नही इचारं. अंगवर येस का? लस अंडामा बनस."

हिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लस अंड्यातून येते हे ऐकूनच ती खुर्चीत मागे सरकली. आणि कधी खाल्लंच नाही तर अंगावर येतं की नाही, हे कळणार कसं? डॉक्टरांनी विचारलं, केक खाल्लास कधी? ती म्हणाली, वाढदिवसांना खाते की, पण तो बिनअंड्याचा असतो. कोणी सांगितलं? दुकानदाराने.

डॉक्टर तिच्याकडे नुसते बघत राहिले. फार वेळ बघत राहिले. हिने हळूच तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांचे सगळे वाढदिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

"काही व्हयनं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," ती कशीबशी म्हणाली.

"मंग पास."

मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला आणि तो थांबेना. मी रुमाल तोंडाला लावला. खोकला थांबला तेव्हा मी वर बघितलं. डॉक्टर खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसले होते. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

"मिरचीन्या पथाऱ्या कव्हय उठन्यात?"

मला वाटलं, बाजाराची चौकशी. मी उत्साहाने सांगितलं, यंदा लवकर आटोपलं, होळीच्या आधीच रानं साफ झाली, आता गोदामात मालच नाही.

"मंग?"

"मंग काय?"

"मंग आते तू कसाले खोकली ऱ्हायना?"

खरंच, मिरची उठून महिना होऊन गेला होता. गावातले सगळे खोकायचे थांबले होते. वकील थांबला होता, मास्तर थांबला होता. एकटा मी मिरचीच्या नावावर खोकत होतो आणि ते ना माझ्या लक्षात आलं होतं, ना घरात कोणाच्या.

"पट्टा दखाड," डॉक्टर म्हणाले.

मी शर्ट वर करून पट्टा दाखवला. नवी भोकं त्यांनी बोटाने चाचपली. मग मला वजनकाट्यावर उभं केलं, पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि एका कागदावर काहीतरी खरडून दिलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायची, छातीचा फोटो काढायचा. आजच.

"हे सोबत जाणार आहेत हो, डॉक्टर," ही म्हणाली. "यांना कोणती लस?"

"याले कोणतीच नही," डॉक्टर म्हणाले. "तू खाले जाय. मोकळा हवामा बठ."

मी ड्रायव्हरची गोष्ट इतक्या लग्नांत सांगितली होती. हा माणूस निघालेल्याकडे बघत नाही, सोबतच्याकडे बघतो, हे मलाच कळू नये?

तपासणीचा निकाल आला तेव्हा आम्ही परत त्याच खोलीत होतो आणि आता आप्पाही होते. डॉक्टरांनी फोटो खिडकीला धरला. मला त्यात काही कळलं नाही. काचेवर कुणीतरी पिठाचा हात ठेवल्यासारखं दिसत होतं.

"क्षय," डॉक्टर म्हणाले. "टीबी."

हिने माझा हात धरला आणि दुसऱ्याच क्षणी, काय मनात आलं कोण जाणे, सोडला. मग परत धरला. त्या सोडण्या-धरण्याच्या मधे जेवढा वेळ गेला, तेवढा माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब वेळ होता.

आप्पांनी आधी दरवाजा लोटला. "हळू बोला, डॉक्टर. खाली आपल्या गावातली माणसं बसलीत."

"कसाले?"

"कसाले काय? लेक दिलेली आहे. जावयाच्या घरी काय सांगायचं? सासऱ्याला टीबी? उद्या तिच्या पोटातल्या लेकराकडे बोट दाखवतील. तिकीट काढलंय, रजा घेतलीय. आपण मिरचीचा खोकला म्हणू. गोळ्या तिकडे जाऊन घेईल तो. हो ना रे?"

शेवटचा प्रश्न मला होता. मला त्या क्षणी आप्पांचं म्हणणं फार शहाणपणाचं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. मी मान हलवायच्या बेतात होतो.

डॉक्टर उठले. लोटलेला दरवाजा सताड उघडला आणि कठड्यावरून खाली ओरडले, "टीबी कोणकोणले व्हयेल व्हता रे? बोला!"

आप्पांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता जमीन फाटावी आणि मी जिन्यासकट आत जावं.

खालून बाकं सरकल्याचा आवाज आला. मग एका बाईचा खणखणीत आवाज आला, "माले व्हयेल व्हता, डाक्टर! आते तुमना जिना चढस ना मी!"

"माले बी," एक पुरुष म्हणाला. "सहा महिना गोळ्या खाध्यात. आते बैल शे बैल."

"बैल तू पहिलेपासून शे," बाई म्हणाली आणि खाली हशा पिकला.

मी वाकून बघितलं. बैल म्हणवणारा माणूस आप्पांच्या शेजारच्या शेताचा मालक होता. त्याच्या तिन्ही लेकी चांगल्या घरी पडलेल्या. त्याच्या घरची लग्नं आम्ही जेवलो होतो.

डॉक्टर परत येऊन बसले. आप्पांचा धीर थोडा खचला होता, पण हट्ट नव्हता खचला. ते म्हणाले, "ठीक आहे, बरा होतो. पण सांगायची गरज काय?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. मला विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणतं लहान लेकरू मांडीवर घेतलं होतंस?

मी आठवायला लागलो. आणि आठवलं. आप्पांच्या नातवाचं बारसं. लेकरू कोणाकडेच राहत नव्हतं, रडून रडून निळं होत होतं, आणि माझ्या मांडीवर आलं की गप्प. मी सबंध दुपार त्याला घेऊन बसलो होतो. सगळ्या बायकांसमोर मोठ्या ऐटीत. मिरचीचा खोकला आला की तोंड त्याच्या कुंचीकडे करून, हळूच, त्याची झोप मोडू नये म्हणून.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनाही तेच आठवलं होतं. एवढा आडवातिडवा माणूस, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखा उभा होता. मिरचीचा खोकला म्हणू, हे त्यांचं वाक्य अजून खोलीतच होतं.

"डॉक्टर," आप्पा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "लेकरू..."

"लई ये," डॉक्टर म्हणाले. "आत्ते. सर्वास्ले लई ये."

आप्पा जिना कसे उतरले ते मी बघितलं नाही, पण खालून "अरे सांभाळून!" असे दोन-तीन आवाज आले. त्या दिवशी आमचं सगळं घर त्या जिन्यावर होतं. आप्पांची सून लेकराला छातीशी धरून सर्वांत पुढे, आणि तिच्या मागे आप्पा, तिच्या पाठीवर हात न टेकवता पण टेकवल्यासारखा धरून. मी खाली गाळ्याच्या बाहेर, कडुनिंबाखाली, तोंडाला रुमाल बांधून उभा. सून माझ्यासमोरून गेली. नेहमी पाया पडणारी पोरगी, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला दोष दिला नाही. मीसुद्धा माझ्याकडे बघितलं नसतं.

लेकराला काही नव्हतं. डॉक्टरांनी सरकारी दवाखान्यातून दोनदा तपासून घेतलं, तरी पुढे येऊ नये म्हणून त्याला औषध सुरू केलं. हिलाही काही नव्हतं. तिचा फोटो स्वच्छ निघाला, पण तिलाही गोळ्या लागल्या. निकाल ऐकून आप्पा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि त्यांनी भर बाजारात डोळ्यांना उपरणं लावलं. तेव्हापासून आप्पांच्या तोंडून डॉक्टरांचं डोकं फिरलंय, असं कोणी ऐकलं नाही.

राहिला प्रश्न युगांडाचा.

ही म्हणाली, "मी जात नाही. यांना टाकून कशी जाऊ?"

डॉक्टरांनी मला विचारलं, "बाळंतपण तू करशी का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग तठे तुन्हं काय काम शे?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला कोणी इतका सरळ विचारला नव्हता. पासपोर्ट सांभाळणं, असं म्हणावंसं वाटलं, पण म्हणालो नाही.

"हाई जाई," डॉक्टर हिच्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आनि जवाईले पहिले सांगानं. इमानमा बठाना पहिले."

त्यांचं म्हणणं असं होतं की सगळी माणसं येऊन विचारतात, तिकडे आम्हाला काय होईल? आपण तिकडच्यांना काय देऊ, हे विचारायला एकही आला नाही. ज्या घरात बाळ जन्माला यायचंय त्या घराला सगळं माहीत पाहिजे, मग ते हिला घेतील की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

फोन लगेच, दवाखान्याच्या दारातच लावला. मी कडुनिंबाखाली उभा राहून बोलत होतो आणि डॉक्टर वरच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होते, मी पळ काढू नये म्हणून. जावयाने फोन उचलला. मी हवापाण्याचं विचारलं. केळीच्या भावाचं विचारलं. तिकडे घड कसे पडलेत, तेही विचारलं. मग हिने माझ्यापासून हात लांब करून फोन ओढला आणि म्हणाली, "जावईबापू, तुमच्या सासऱ्यांना टीबी झालाय. मला तपासलंय, मला नाही. मी एकटी येऊ का, नको? खरं सांगा."

तिकडून आवाज येईना. मला वाटलं, लाइन तुटली. नाहीतर नातं तुटलं.

मग लेकीचा आवाज आला. ती मागेच उभी असणार. "आई, तू ये. आणि बाबांना म्हणावं, गोळ्या चुकवल्या तर मी बोलणार नाही." मग ती रडायला लागली आणि जावई म्हणाला, "आई, विमानतळावर मी येतो. काळजी करू नका. माझ्या काकांनाही झाला होता."

मी डोकं वर करून खिडकीकडे बघितलं. डॉक्टर तिथून उठून गेले होते.

आप्पांनीच हिला मुंबईला नेऊन लस टोचून आणली. पिवळं कार्ड तिने लाडवांच्या डब्यावर ठेवलं. निघताना माझ्याकडे बघून ती रडली नाही, म्हणून मीही रडलो नाही. सुरतेच्या पुढे कधी एकटी न गेलेली बाई पदर खोचून गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "गोळ्या." बस. एवढाच निरोप.

मग घरात मी एकटा. गोळ्यांनी मळमळायचं, जेवण जात नसे. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी अंगणात स्कूटर थांबली आणि डॉक्टर उतरले. मी घाबरून उठलो. डॉक्टर जिना उतरून आलेत म्हणजे माझं काही खरं नाही. पण त्यांच्या हातात डबा होता. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी खाट ओढली, डबा उघडला आणि जेवायला लागले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत.

"तुम्ही जेवायला आलात?"

"मी जेवाले उनू. तू बी जेव. मी देखस."

ते खरंच बघत होते. घास किती मोठा, किती वेळ चावतो, कधी थांबतो. मी एक भाकरी संपवली तोवर ते उठले नाहीत. मग रोज येऊ लागले. आम्ही फारसं बोलत नसू. त्यांना बोलायची आवड नव्हती आणि मला त्यांच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती. एकदा मी विचारलं, तुम्ही हे सगळ्यांसाठी करता का? ते म्हणाले, "नही. जो आप्पाले मान हालाडस, तेन्हासाठे." आप्पांच्या म्हणण्याला मान हलवणारा. म्हणजे त्या दिवशी मी मान हलवायच्या बेतात होतो, हे त्यांनी बघितलं होतं.

उन्हाळा संपत आला होता तेव्हा एका संध्याकाळी, डॉक्टर समोर जेवत असताना, फोनवर व्हिडिओ कॉल आला. ही होती. मागे पांढऱ्या भिंती, आणि हिच्या हातात गुलाबी कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी. नात. आत्ताच.

हिने तिला फोनजवळ आणलं. एवढी जवळ की सगळ्या पडद्यावर फक्त एक मिटलेला डोळा आणि भुवई. जावई हसत होता, लेक खाटेवरून "बाबा, दिसली का?" म्हणत होती. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

डॉक्टर खाटेवरून ओरडले, "खांदावर टोचं का तिले? इचार!"

मी विचारलं. हो, ही म्हणाली, जन्मल्याबरोबर क्षयाची लस टोचली, इथल्या डॉक्टरांनी.

"बरं शे," डॉक्टर म्हणाले आणि परत भाकरीकडे वळले.

आणि तेवढ्यात मला खोकला आला. आता कमी झाला होता, दिवसातून एखाद्या वेळेलाच यायचा. पण आला. पडद्यावर तो मिटलेला डोळा माझ्या तोंडासमोर होता. मी फोन हातभर लांब धरला, मान पूर्ण फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, रुमाल लावला आणि खोकलो.

फोनमधून हसण्याचा आवाज आला. सगळेच हसत होते. "अहो बाबा," लेक म्हणत होती, "तुम्ही नंदुरबारात आहात! एवढ्या लांबून काही लागत नाही!"

मलाही हसू आलं. ओशाळून मी डॉक्टरांकडे बघितलं.

ते हसत नव्हते. घास हातात धरून ते माझ्या तोंडावरच्या रुमालाकडे बघत होते.

"हासू दे त्यास्ले," ते म्हणाले. "तू असंच करजो."